हार्डवेअर काउंटर: गुपित पानांपासून एका ओळीच्या कमांडपर्यंत
हार्डवेअर काउंटर म्हणजे प्रोसेसरच्या चिपमध्येच बसवलेली मोजणीची रजिस्टर. ठरवून दिलेली घटना घडली की रजिस्टरमधला आकडा एकाने वाढतो. क्लॉकची सायकल उलटणे, सूचना पूर्ण होणे, हवा तो डेटा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, न सापडणे (कॅश मिस), ब्रँचचा अंदाज चुकणे या अशा घटना होत. मोजणी सर्किटच करत असल्यामुळे प्रोग्रामच्या वेगाला फारसा धक्का लागत नाही. लिनक्सवर प्रोग्रामच्या नावाआधी ‘पर्फ स्टॅट’ एवढे टाइप केले की हे आकडे पडद्यावर येतात. मात्र चिपमध्ये काउंटर आले तेव्हापासून ते सामान्य प्रोग्रामरच्या हाती पडेपर्यंत बरीच वर्षे गेली. हा उशीर झाला तो माहितीपत्रके आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामुळे. सर्किट केव्हाच तयार होते.

काउंटरच्या आधीही मोजमाप होतेच. डोनाल्ड नुथ यांनी 1971 मध्ये फोरट्रान प्रोग्रामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रोग्रामचा चार टक्क्यांहूनही कमी भाग निम्म्याहून अधिक वेळ खातो, असे त्यात दिसून आले. म्हणजे आधी तो भाग शोधायचा आणि मगच कोडला हात लावायचा. युनिक्समध्ये एकूण वेळ सांगणारी ‘टाइम’ कमांड होती, आणि कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला हे सांगणारा ‘प्रोफ’ होता. 1982 मध्ये बर्कली विद्यापीठातील सुसान ग्रॅहॅम, पीटर केसलर आणि मार्शल मॅककुसिक यांनी ‘जीप्रोफ’ मांडला. कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याचा हिशेबही तो देई.

ही साधने वेळ कुठे गेला ते सांगत. का गेला ते सांगत नसत. 1980 नंतर प्रोसेसरचा वेग मेमरीच्या वेगापेक्षा फार झपाट्याने वाढला आणि हा ‘का’ महत्त्वाचा ठरू लागला. गणित सोपे असले तरी डेटाची वाट पाहत प्रोसेसर शेकडो सायकली रिकामा बसू शकतो. घड्याळाच्या दृष्टीने मात्र काम करणे आणि वाट पाहणे यांत काहीच फरक नसतो.

मोठ्या मेनफ्रेमच्या काळात हा फरक पाहण्यासाठी वेगळे यंत्र लागे. त्याच्या तारा संगणकाच्या पिनांना जोडून सिग्नल मोजत. सुपरकॉम्प्युटरमध्ये ही सोय यंत्रातच आली. क्रे एक्स-एमपीमध्ये मोजणीचे सर्किट होते. त्याच्या घटना चार गटांत वाटलेल्या होत्या आणि एका वेळी एकाच गटाची मोजणी होई. ‘एचपीएम’ या कमांडने ते आकडे मिळत. पण अशी यंत्रे मोजक्याच प्रयोगशाळांच्या आवाक्यात होती.

एकाच चिपवरच्या प्रोसेसरमध्ये काउंटर रुळले ते 1990 च्या दशकात. डिजिटल कंपनीच्या 1992 च्या अल्फा प्रोसेसरमध्ये दोन काउंटर होते. 1993 च्या इंटेल पेंटियममध्ये 40 बिटांचे दोन काउंटर आले आणि त्यांच्याबरोबर सायकली मोजणारा 64 बिटांचा वेगळा काउंटरही आला. त्यांचा तपशील मात्र माहितीपुस्तिकेच्या ‘एच’ या परिशिष्टात होता, आणि ते परिशिष्ट गुप्ततेच्या करारावर सही करणाऱ्यांनाच मिळे. नॉर्वेचे प्रोग्रामर तेर्ये माथिसेन यांनी चिपवर प्रयोग करून काउंटर कसे चालवायचे ते शोधले आणि जुलै 1994 च्या ‘बाइट’ मासिकात छापले. पुढच्या पेंटियम प्रोमध्ये इंटेलने ही माहिती उघडपणे दिली आणि काउंटर वाचण्यासाठी खास सूचनाही ठेवली.

माहिती मिळाली तरी एक अडचण उरलीच. कोणती घटना मोजायची हे ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये फक्त कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच, लिहू शकतो. शिवाय संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालतात. एकाची मोजणी दुसऱ्याच्या खात्यावर पडू नये म्हणून प्रोग्राम बदलताना काउंटरही बाजूला ठेवावे आणि परत भरावे लागतात. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमची साथ नसेल तर काउंटर असून नसल्यासारखे. सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्स सिस्टिमवर ही साथ होती. तिथे 1996 च्या आर 10000 प्रोसेसरचे काउंटर ‘परफेक्स’ या कमांडने वाचता येत. सोलारिस 8 मध्ये त्याच कामासाठी ‘सीपीयूस्टॅट’ आणि ‘सीपीयूट्रॅक’ आल्या.

डिजिटल कंपनीच्या संशोधकांनी काउंटरचा आणखी एक उपयोग दाखवला. काउंटर भरून वाहिला की प्रोसेसर इंटरप्ट देतो. त्या क्षणी कोणती सूचना चालू होती त्याची नोंद घ्यायची. अशा हजारो नोंदी जमल्या की वेळ कुठे अडतो याचे चित्र तयार होते. 1997 मध्ये त्यांनी मांडलेली पद्धत 333 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर सेकंदाला 5,200 हून अधिक नोंदी घेई, आणि बहुतेक कामांचा वेग त्यामुळे अवघा एक ते तीन टक्के घटे. जेफ डीन आणि संजय घेमावत हे पुढे गूगलमध्ये नावाजलेले दोघे या गटात होते.

लिनक्समध्ये मात्र बराच काळ एकमत नव्हते. स्वीडनमधील मिकाएल पेटरसन यांचा ‘पर्फसीटीआर’ आणि एचपीमध्ये असलेल्या स्तेफान एरानियन यांचा ‘पर्फमॉन’ बहुतेक प्रोसेसरांसाठी कर्नलबाहेरच राहिले. ते हवे असतील तर कर्नलमध्ये बदल करून तो पुन्हा बांधावा लागे. जॉन लेव्हन यांचा ‘ओप्रोफाइल’ 2002 मध्ये कर्नलमध्ये आला, पण तो वर सांगितल्यासारख्या नोंदी, म्हणजे नमुने, गोळा करण्यापुरता होता. डिसेंबर 2008 मध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांनी वेगळी रचना पुढे केली. एकच सिस्टिम कॉल ठेवायचा. त्याने काउंटर फाइलसारखा उघडायचा आणि वाचायचा. प्रोसेसरचे बारकावे कर्नलने सांभाळायचे. पर्फमॉनवर अनेक वर्षे खर्ची पडली होती, त्यामुळे वाद झाला. तरीही 9 सप्टेंबर 2009 रोजी आलेल्या 2.6.31 या आवृत्तीत नवी रचना दाखल झाली. ‘पर्फ’ ही कमांड कर्नलच्या सोर्स कोडमध्येच ठेवली गेली. एरानियन यांनीही पुढे याच रचनेत भर घातली.

पर्फ काय दाखवते हे एका उदाहरणातून कळते. सी भाषेतील पूर्णांकांच्या एका मोठ्या तक्त्याची बेरीज दोन प्रकारे करता येते: ओळीने किंवा स्तंभाने. एक पूर्णांक 4 बाइटचा आणि कॅशची एक लाइन 64 बाइटची धरली, तर एका लाइनीत 16 पूर्णांक मावतात. तक्ता मेमरीत ओळीने मांडलेला असल्याने ओळीने जाताना 16 आकड्यांमागे एकदाच नवी लाइन आणावी लागते. स्तंभाने जाताना प्रत्येक आकड्याला नवी लाइन लागते, आणि तक्ता पुरेसा मोठा असेल तर आधीची लाइन पुन्हा लागेपर्यंत कॅशमधून बाहेर गेलेली असते. पर्फ स्टॅटमध्ये दोन्ही वेळा सूचनांची संख्या जवळपास सारखीच दिसते. सायकली मात्र दुसऱ्या वेळी कितीतरी वाढतात, दर सायकलीमागे पूर्ण होणाऱ्या सूचना घटतात आणि कॅश मिसचा आकडा फुगतो. जीप्रोफ दोन्ही वेळा त्याच एका फंक्शनकडे बोट दाखवून थांबला असता.

नेमकी कोणती ओळ अडते हे पाहायचे तर ‘पर्फ रेकॉर्ड’ने नमुने गोळा करायचे आणि ‘पर्फ रिपोर्ट’ने वाचायचे. 2011 मध्ये ब्रेंडन ग्रेग यांनी अशा नमुन्यांसाठी फ्लेम ग्राफ काढला. इंटेलचे अहमद यासिन यांनी 2014 मध्ये ‘टॉप-डाउन’ पद्धत मांडली. वेळ सूचना आणण्यात गेला, डेटाची वाट पाहण्यात गेला की चुकलेल्या अंदाजात, हे ती क्रमाने वेगळे करते. पर्फ स्टॅटमध्ये ही पद्धत वापरण्याचा पर्याय आहे.

या मोजणीला मर्यादाही आहेत. प्रोसेसरमध्ये घटना शेकडो असल्या तरी मोकळे काउंटर थोडेच असतात. इंटेलच्या अनेक चिपमध्ये ते चार किंवा आठ असतात. मागणी त्याहून जास्त झाली की पर्फ आळीपाळीने मोजते आणि उरलेल्याचा अंदाज बांधते. किती टक्के काळ प्रत्यक्ष मोजणी झाली ते ती कंसात छापते. सूचना क्रम सोडून चालत असल्याने इंटरप्टच्या वेळी खऱ्या दोषीऐवजी पुढच्याच एखाद्या सूचनेची नोंद होऊ शकते. त्यावर इंटेलने ‘पेब्स’ आणि एएमडीने ‘आयबीएस’ ही सोय केली. काउंटरमधून दुसऱ्याच्या कामाचा सुगावा लागू शकतो, म्हणून सामान्य वापरकर्त्याला किती मोजू द्यायचे हे कर्नलच्या एका सेटिंगवर ठरते. भाड्याच्या व्हर्च्युअल मशिनवर तर काउंटर पुष्कळदा दिसतच नाहीत.

घटनांचे अर्थही चिपगणिक बदलतात. त्यामुळे दोन वेगळ्या प्रोसेसरवरचे कॅश मिस समोरासमोर ठेवून निष्कर्ष काढणे धोक्याचे. त्याच यंत्रावर, त्याच डेटावर, बदलाआधी आणि बदलानंतर काही वेळा चालवून घेतलेले आकडेच भरवशाचे मानावेत.