अलोरे : विजेसाठी वसलेले गाव

मुंबई-पुण्याच्या वाढत्या कारखानदारीला वीज हवी होती. तिच्यासाठी चिपळूण तालुक्यातील अलोरे येथे एक वसाहतच उभारावी लागली. कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याची योजना मोठी हिशेबी होती. पोफळीच्या वीजगृहातून सुटणारे पाणी वाया जाऊ न देता ते कोळकेवाडीच्या धरणात अडवायचे आणि त्यावर पुन्हा वीज निर्माण करायची. चार संच, एकूण क्षमता ३२० मेगावॉट. धरण १९७५ च्या सुमारास पुरे झाले. अभियंते, कारकून, कामगार यांची बिऱ्हाडे सरकारी खोल्यांतून नांदू लागली.

हिशेब चोख होता, पण तो पाण्याचा. माणसांचा हिशेब काम चालेपर्यंतचाच होता. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नव्या मुंबईत घर आणि रोजगार यांची सांगड निदान कागदावर तरी घातली (ती कितपत साधली, हा वेगळा विषय). अलोऱ्यात मात्र बांधकाम हाच मुख्य रोजगार! चौथ्या टप्प्यामुळे, १९९९ च्या लेक टॅपिंगपर्यंत, या परिसरात कामे चालू राहिली. पुढे बदल्या झाल्या, बिऱ्हाडे हलली, अनेक खोल्या ओस पडल्या. वीजगृह चालवायला माणसे थोडीच पुरतात. उरलेल्यांनी मुंबईची गाडी धरली.