वीस अधिक सतरा

पीआर घेतलेल्या प्रत्येक मराठी घरात एक संवाद कधी ना कधी झालेला असतो. "अगं, पगार वाढला म्हणालीस, मग हातात कमी कसा आला?" उत्तर तीन अक्षरांचं आहे, सीपीएफ. पंचावन्न वर्षांपर्यंतच्या नोकरदाराच्या पगारातून २० टक्के कापले जातात आणि कंपनी त्यावर १७ टक्के घालते. पीआरची पहिली दोन वर्षं दर कमी असतो. तिसऱ्या वर्षी तो पूर्ण लागू झाला की घरच्या हिशेबाची वही पुन्हा पहिल्या पानापासून लिहावी लागते.

एवढी मोठी कापणी एखाद्या देशाने आपल्या लोकांवर का लादली असेल? म्हातारपणासाठी, हे उत्तर खरं आहे पण अर्धंच. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे सिंगापूर श्रीमंत कसं झालं याचा इतिहास. त्या इतिहासात बचत आहे, लोकसंख्या आहे आणि तंत्रज्ञानही आहे. यातलं नेमकं काय किती कामाला आलं, यावर अर्थशास्त्रज्ञ एकमेकांशी चांगलेच भांडले आहेत.

सीपीएफ सुरू झाला १ जुलै १९५५ रोजी, ब्रिटिशांच्या काळात. दर होता कामगाराचे ५ टक्के आणि मालकाचे ५ टक्के. सरकारी तिजोरीवर पेन्शनचा बोजा पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. गंमत म्हणजे भारताचा प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२चा, म्हणजे सिंगापूरच्या योजनेआधी तीन वर्षं. कल्पना आपल्याकडेही होती. फरक पुढे पडला.

त्या वेळचं सिंगापूर डोळ्यांसमोर आणायला हवं. १९५७च्या जनगणनेत इथे १४ लाख ४६ हजार माणसं होती. त्याआधीच्या दहा वर्षांत लोकसंख्या दरवर्षी चार टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली होती. बंदरातला व्यापार सोडला तर मोठा उद्योग नव्हता, आणि शाळा सोडून कामाच्या शोधात निघणाऱ्या पोरांची रांग दरवर्षी लांबत होती. १९६० साली संयुक्त राष्ट्रांच्या पथकाबरोबर आल्बर्ट विन्सेमियस हे डच अर्थतज्ज्ञ आले आणि १९८४ पर्यंत सल्लागार राहिले. कारखाने काढा, बाहेरच्या कंपन्या आणा, हा त्यांच्या सल्ल्याचा गाभा. अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी जुराँगची दलदल भरून औद्योगिक वसाहत उभारायला घेतली, तेव्हा लोक तिला 'गोहचा वेडेपणा' म्हणत. कारखान्यांना रस्ते, वीज, बंदर, घरं लागतात. त्यासाठी पैसा लागतो, आणि पैसा म्हणजे कुणीतरी आज न खाल्लेलं.

इथे थोडं अर्थशास्त्र, पण दिवाळीच्या स्वयंपाकघरातलं. चकल्या करायला घरात दोन माणसं आहेत आणि सोऱ्या एकच. दुसरा सोऱ्या आणला तर चकल्या जवळजवळ दुप्पट होतील. तिसरा आणला तर थोडा फायदा. भरून ठेवता येईल. चौथा आणला तर तो ओट्यावर पडून राहील आणि वर घासायला एक भांडं वाढेल. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५६ साली गणितात मांडलं ते साधारण हेच. बचत करून यंत्रं वाढवली की उत्पन्न वाढतं, पण प्रत्येक पुढचं यंत्र आधीच्यापेक्षा कमी देतं. शिवाय जुनी यंत्रं झिजतात, ती बदलायलाच बचतीचा मोठा वाटा जाऊ लागतो, आणि वाढ मंदावते. घरात माणसं भराभर वाढली तर आहेत ते सोऱ्ये वाटून घ्यावे लागतात. सतत पुढे जायचं असेल तर चकली करण्याची पद्धतच सुधारावी लागते. पुढच्याच वर्षी सोलोंनी अमेरिकेचे १९०९ ते १९४९ या काळातले आकडे तपासले. माणसामागे, तासामागे उत्पादन दुप्पट झालं होतं, आणि त्या वाढीच्या आठ भागांपैकी सात भाग यंत्रांच्या संख्येने समजावून देता येत नव्हते. ते त्यांनी तांत्रिक प्रगतीच्या खात्यात टाकले. १९८७ साली त्यांना नोबेल मिळालं.

सिंगापूरने सोऱ्ये किती आणले ते सीपीएफच्या दरात दिसतं. १९६८ पासून तो चढत गेला आणि १९८४ मध्ये कामगाराचे २५ आणि मालकाचे २५, म्हणजे पगाराच्या अर्ध्या किमतीएवढा झाला! हा पैसा सरकारी रोख्यांत जायचा. १९६८ मध्येच त्यातून एचडीबीचं घर घ्यायची मुभा मिळाली. मला वाटतं, लोकांनी एवढी कापणी निमूटपणे सोसली ती या एका सवलतीमुळे. पैसा दिसत नव्हता, पण घर दिसत होतं. १९७० साली स्वतःच्या घरात राहणारी कुटुंबं तीस टक्क्यांच्या आत होती, १९९० साली ती सत्त्याऐंशीच्या पुढे गेली. आपलं पासिर रिस त्याच लाटेचं अपत्य. वाडी आणि समुद्रकिनारा होता तिथे ऐंशीच्या दशकात ब्लॉक उभे राहिले आणि डिसेंबर १९८९ मध्ये एमआरटी स्टेशन सुरू झालं. पहिल्या रहिवाशांपैकी बहुतेकांचे हप्ते सीपीएफमधूनच गेले असणार.

आता लोकसंख्या. या भागात मराठी माणसाला थोडं थांबावंसं वाटतं.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. गणिताचे प्राध्यापक, या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले, आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत ते चालूच ठेवलं. अमोल पालेकरांच्या 'ध्यासपर्व'मुळे आपल्या पिढीला ते थोडेफार माहीत आहेत. सिंगापूरची फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन स्थापन झाली १९४९ साली, म्हणजे कर्व्यांनंतर अठ्ठावीस वर्षांनी. कर्व्यांना देशाचं उत्पन्न वाढवायचं नव्हतं. बाईला आपल्या शरीरावर हक्क हवा, हा त्यांचा मुद्दा होता.

सिंगापूर सरकारने मात्र तो प्रश्न थेट अर्थकारणाच्या वहीत उतरवला. १९६६ मध्ये कुटुंबनियोजनाचं सरकारी मंडळ आलं आणि १९७२ पासून 'दोनवर थांबा' ही मोहीम. पुढच्या बाळंतपणाला रुग्णालयाची फी चढती, तिसऱ्या बाळासाठी पगारी रजा नाही, चौथ्या मुलाला शाळाप्रवेशात मागचा नंबर. १९६५ मध्ये दर बाईमागे साडेचारांहून अधिक मुलं होती. १९७५ मध्ये हा आकडा दोनवर आला. दहा वर्षांत!

याचे दोन परिणाम झाले. खाणारी तोंडं कमी झाल्याने बचत करणं शक्य झालं. आणि बायका कारखान्यांत, कचेऱ्यांत गेल्या. १९७० मध्ये नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायका तीस टक्क्यांच्या आत होत्या, १९९० मध्ये त्या निम्म्याच्या आसपास आल्या. सिंगापूरच्या यशाच्या गोष्टीत मंत्र्यांची नावं येतात. साठ-सत्तरच्या दशकांत पाळीने जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली तारा जोडणाऱ्या मुलींची नावं कुठे येत नाहीत. बाहेरच्या कंपन्या स्वस्त आणि शिस्तीचे हात शोधत आल्या होत्या, ते हात या मुलींचे होते.

पण लोकसंख्येचं चाक उलटं फिरवणं सोपं नसतं. १९८४ मध्ये पदवीधर आयांच्या मुलांना शाळेत प्राधान्य द्यायचा प्रयोग झाला. त्यावर लोक इतके संतापले की तो वर्षभरात मागे घ्यावा लागला, आणि संतापायलाच हवं होतं. शिकलेल्या बाईचं मूल अधिक मोलाचं, हा विचारच किळसवाणा आहे. १९८७ मध्ये सरकार म्हणू लागलं, परवडत असेल तर तीन किंवा अधिक होऊ द्या. फार काळ कुणी ऐकलं नाही.

नुसत्या बचतीने काय होतं आणि काय होत नाही, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला भारताची बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आसपास होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती वीसच्या आसपास गेली. आपल्या आईवडिलांनी पोस्टात, एलआयसीत, भिशीत, सोन्यात पैसा बाजूला टाकला होता, तो खोटा नव्हता. तरी अर्थव्यवस्था साडेतीन टक्क्यांच्या पुढे सरकेना. अर्थशास्त्रज्ञ राज कृष्ण यांनी या वेगाला 'हिंदू ग्रोथ रेट' असं बोचरं नाव दिलं. बचत दुप्पट झाली आणि वेग मात्र तोच राहिला. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनत होत्या आणि लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहत होते. कारण किती गाड्या बनवायच्या तेही परवान्यावर ठरायचं. सोऱ्ये विकत घेतले जात होते, पण चकल्या किती पाडायच्या ते दिल्लीहून विचारून!

सिंगापूरवाले हे सगळं वाचून खूश व्हावेत, तेवढ्यात १९९२ साली ॲल्विन यंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने हाँगकाँग आणि सिंगापूर शेजारी ठेवून हिशेब केला. निष्कर्ष खळबळजनक होता. सिंगापूरची जवळजवळ सगळी वाढ अधिक माणसं आणि अधिक यंत्रं यांनी समजावून देता येते. कार्यक्षमतेची भर जवळपास शून्य. १९९४ मध्ये पॉल क्रुगमन यांनी 'फॉरिन अफेअर्स'मध्ये हाच मुद्दा तिखट भाषेत मांडला आणि सिंगापूरची तुलना चक्क सोव्हिएत रशियाशी केली. त्यांचे आकडे असे: १९६६ ते १९९० या काळात काम करणाऱ्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण २७ वरून ५१ टक्क्यांवर गेलं. गुंतवणूक उत्पन्नाच्या ११ टक्क्यांवरून ४० च्या पुढे गेली. १९६६ मध्ये निम्म्याहून अधिक कामगार अशिक्षित होते, १९९० मध्ये दोन तृतीयांशांचं माध्यमिक शिक्षण झालं होतं. हे सगळं एकदाच करता येतं, असं क्रुगमन म्हणाले. ५१ टक्क्यांचे पुन्हा दुप्पट होऊ शकत नाहीत.

इथल्या लोकांना हे झोंबलं. पण वाद तिथे संपला नाही. २००२ मध्ये चांग-ताय शे यांनी उलट बाजूने प्रश्न विचारला. एवढी यंत्रं साठली असतील तर त्यांच्यावरचा परतावा घसरायला हवा होता. बाजारातल्या किमतींत ती घसरण त्यांना दिसली नाही. म्हणजे कार्यक्षमताही वाढत असणार, सरकारी आकडेवारीत ती नीट मोजली गेली नसेल. या भांडणात मला क्रुगमन यांचा इशारा पटतो, पण उपमा पटत नाही. अंगठ्याने सही करणाऱ्या आजीची नात इंजिनियर होते, तेव्हा तिला हिशेबात 'अधिक कामगार' म्हणून लिहिणं मला तरी जमत नाही.

आणि इशारा बाहेरून यायच्या आधीच घरात कळलेला होता. १९७९ पासून सरकारने मुद्दाम पगार वाढवले, म्हणजे स्वस्त हातांवर चालणारे धंदे निघून जावेत आणि कंपन्यांनी चांगली यंत्रं आणून माणसं शिकवावीत. १९८१ मध्ये उत्पादकतेची मोहीम निघाली, जपानी तज्ज्ञ आले, टीमी नावाची मधमाशी पोस्टरांवर झळकली. पण पगारवाढ आणि पन्नास टक्के सीपीएफ यांचा भार एकत्र पडून १९८५ मध्ये मंदी आली. पुढच्या वर्षी मालकाचा हिस्सा २५ वरून थेट १० टक्क्यांवर आणावा लागला. आजचे १७ हे त्या धक्क्यानंतर अनेकदा वरखाली होत ठरलेले आहेत.

तंत्रज्ञान कसं येतं हे बघायचं तर पासिर रिस वेफर फॅब पार्कच्या बाजूने एकदा बसने जावं. तिथल्या चिपच्या कारखान्यांपैकी एक तैवानच्या यूएमसीचा, दुसरा एनएक्सपी आणि टीएसएमसी यांच्या भागीदारीतला. यूएमसीच्या नव्या कारखान्याचं २०२५ मध्ये उद्घाटन झालं. अब्जावधी डॉलरची यंत्रं आत, आणि त्या मानाने माणसं किती थोडी! तंत्र मालकांबरोबर बाहेरून आलं. जमीन, स्वच्छ पाणी, न जाणारी वीज आणि शिकलेली माणसं सिंगापूरने दिली. त्या शिकलेल्या माणसांत आपणही आलो. नव्वदच्या दशकापासून पुण्या-मुंबईची, नागपूर-नाशिकची मुलं इथे येत गेली. मुंबई-पुण्याने ज्यांच्या शिक्षणावर खर्च केला ते विमानात बसून तयार आले. सोलोंच्या सूत्रात आपण लोकसंख्येत बसतो की तंत्रज्ञानात, यावर आमच्या ब्लॉकखालच्या कट्ट्यावर एकदा बराच वेळ वाद झाला होता.

जून २०२४ मध्ये इथल्या ६० लाख ४० हजार माणसांपैकी १८ लाख ६० हजार अनिवासी होती. २०२४ मध्ये जन्मदर ०.९७ वर आलेल्या देशाला हात बाहेरूनच आणावे लागतात. दर पाच नागरिकांत एक आज पासष्टी ओलांडलेला आहे.

आणि हा फक्त सिंगापूरचा प्रश्न उरलेला नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जन्मदर १.७ निघाला. पिढी जशीच्या तशी राहायला २.१ लागतो. सिंगापूरने तो उंबरठा ओलांडला त्याला पन्नास वर्षं होत आली. मधल्या काळात त्याने प्रत्येक पगारातून कापून ठेवलं, घरं बांधली, मुलींना शिकवून कामावर आणलं. महाराष्ट्राने तो उंबरठा ओलांडला आहे, आणि तिथे अजून बहुतेक माणसं शेतात, दुकानात, रोजंदारीवर काम करतात, जिथे पगारपत्रकच नाही, मग पीएफ कुठून कापणार? सांगलीला किंवा अकोल्याला मुलाला फोन करून एफडीचा व्याजदर किती झाला ते सांगणारे आईवडील निदान काहीतरी बाजूला टाकू शकले होते. त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईंना आता दोनच मुलं आहेत, आणि त्यांच्या नावावर कुठलंच खातं भरलं जात नाही.