चर्म, कातडे, चामडे, लेदर : एका पदार्थाच्या नावांचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

एकाच पदार्थाला एखाद्या भाषेत अनेक नावे असली म्हणजे ती समानार्थी आहेत, असे सहसा गृहीत धरले जाते. शब्दकोशातही ती एकमेकांशेजारी दिलेली असतात. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र बोलणारा ती सरसकट एकमेकांच्या जागी वापरत नाही. इंग्रजीत ‘हाइड’, ‘स्किन’ आणि ‘लेदर’ यांतील फरक मुख्यतः व्यापाराचा व प्रक्रियेचा आहे. मोठ्या जनावराचे ते हाइड, शेळी-मेंढीसारख्या लहान जनावराचे ते स्किन आणि कमावल्यानंतरचे ते लेदर. मराठीतही कच्चे कातडे व कमावलेले चामडे असा भेद आढळतो. परंतु मराठी शब्दांमागे आणखी एक भेद उभा आहे, तो म्हणजे हा पदार्थ कोणाच्या हातात आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या भेदाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्दांचे मूळ

अमरकोशात अजिन, चर्म आणि कृत्ती हे शब्द पर्याय म्हणून एकत्र येतात. यांपैकी ‘चर्मन्’पासून प्राकृतात ‘चम्म’ आणि पुढे मराठीत चाम, चामडे, चामडी हे शब्द आले. ‘कृत्ती’पासून कात आणि कातडे हे शब्द आले. साप ‘कात’ टाकतो, त्यातील कात ती हीच. ‘अजिन’ मात्र फारसे बदलले नाही. ते मृगाजिन या रूपात तपस्व्याच्या आसनापाशीच राहिले. संस्कृत कोशात एका पंक्तीला बसलेले हे तीन शब्द मराठी समाजात तीन वेगवेगळ्या ठिकाणी गेले, ही गोष्ट लक्षणीय आहे. मृगाजिनावर बसणे पवित्र मानले गेले आणि चामड्याला हात लावणे विटाळाचे ठरले.

वस्तूंची नावे आणि माणसांची नावे

यंत्रपूर्व काळातील खेड्याचा व्यवहार चामड्यावाचून चालत नसे. विहिरीचे पाणी चामड्याच्या मोटेने वर येई व तिच्या सोंडेतून थारोळ्यात पडे. पखालीतून पाणी वाहिले जाई, तर तेला-तुपासाठी चामड्याचे बुधले असत. आसुडाची वादी आणि पायातली वहाण हीही चामड्याचीच. मृदंग, ढोलकी, डफ व संबळ या वाद्यांवर चामडेच मढवलेले असे. या वस्तूंच्या नावांत मात्र चामड्याचा उल्लेख नाही. वस्तू उपयोगी ठरली की तिच्या नावातून मूळ द्रव्य लोप पावते. वाद्यांच्या वर्गाला नाव द्यायची वेळ आली तेव्हाही ‘चर्मवाद्य’ हा संस्कृत शब्द पुढे आला, चामडे नव्हे.

माणसांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. ‘चर्मकार’ या शब्दाचा मराठी वंशज ‘चांभार’ होय. बलुतेदारांत त्याचे स्थान निश्चित होते, कारण त्याच्याविना नांगर-मोटेचे काम अडत असे. तरीही वस्तूवरून पुसले गेलेले चामडे त्याच्या नावाला कायमचे चिकटले. कातडी कमावणाऱ्या समाजाचे ‘ढोर’ हे नाव तर जनावराचेही नाव आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कच्चे कातडे टिकाऊ करण्याच्या क्रियेला मराठीत ‘कमावणे’ म्हणतात. ज्या शब्दाने आपण पैसा व कीर्ती मिळवण्याचे वर्णन करतो, त्याच शब्दाने हे श्रम ओळखले जातात. त्या श्रमांना प्रतिष्ठा मात्र लाभली नाही.

बोलीतील साक्ष

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. चामड्याशी निगडित शब्दसंपत्तीच्या अभ्यासासाठी हा कोश आजही उपयुक्त आहे. वाक्प्रचारांकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ‘कातडी बचावणे’, ‘गेंड्याची कातडी’, ‘चामडी जाईल पण दमडी जाणार नाही’ यांत कातडी सर्वांची आहे. कृतज्ञता व्यक्त करताना आपण स्वतःच्या कातड्याचे जोडे शिवून देण्याची भाषा करतो. परंतु ‘चांभारचौकशी’ म्हणताना निष्फळ चिकित्सेचा दोष एका समाजाच्या माथी मारला जातो. पहिल्या गटात पदार्थाची उपमा आहे, दुसऱ्यात माणसाची अवहेलना.

नामांतराचे राजकारण

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहिला. शेतकऱ्याच्या रोजच्या हत्याराला त्यांनी विचाराचे हत्यार केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली १९२७ च्या महाड परिषदेपासून मृत जनावरे ओढण्याचे काम सोडण्याच्या आग्रहाला बळ मिळाले. काम सोडणे हा एक मार्ग होता, तर कामाचे नाव बदलणे हा दुसरा. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय महामंडळाचे मराठी नाव ‘संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ’ असे आहे. या नावात ‘चर्म’ दोनदा येते, ‘चामडे’ एकदाही नाही. इंग्रजी संक्षेपात, लिडकॉममध्ये, ‘लेदर’ आहे. लोकभाषेतील शब्दाला चिकटलेला कलंक टाळण्यासाठी संस्कृत आणि इंग्रजी या दोन्हींचा आश्रय घ्यावा लागला, असा याचा अर्थ लावता येतो.

आजचा व्यवहार

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील पावणे, तुर्भे, रबाळे येथील औद्योगिक वसाहतींच्या बोलीत वेल्डरचे हातमोजे ‘लेदरचे’ असतात. बाजारात पट्टा, पाकीट, जाकीट हेही ‘लेदर’च, ‘चामड्याचे जाकीट’ कोणी मागत नाही. ‘लेदर’ म्हटले की माल प्रतिष्ठित होतो, पण तो कोणी कमावला आणि कोणी शिवला हे विस्मरणात जाते.

याचे ठळक उदाहरण २०२५ मध्ये दिसले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर यांसह कर्नाटकातील चार जिल्ह्यांचा समावेश आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथे तशाच चपला सादर केल्या, तेव्हा त्यांचे वर्णन केवळ ‘लेदर’ची पादत्राणे असे होते. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. टीकेनंतर कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. येथे द्रव्याचे नाव उरले होते आणि कारागिराचे गेले होते.

निष्कर्ष

खेड्याने कारागिराला चामड्याचे नाव देऊन दूर ठेवले, तर बाजाराने ‘लेदर’ म्हणून त्याला अदृश्य केले. दोन्ही व्यवहारांत श्रमाचे मोल हरवले. म्हणून ‘चामडे’ हा शब्द टाळणे हा उपाय नव्हे, कारण तो शब्द निर्दोष आहे. टाळायची आहे ती जातिनामावरून केलेली हेटाळणी, आणि ती आपल्या वर्गातील व्याख्यानांतून व शोधनिबंधांतून प्रथम जावयास हवी. पर्यायी शब्द शिकवताना प्रत्येक शब्द कोणाच्या तोंडी, कोणाविषयी आला हेही विद्यार्थ्यांना सांगितले, तर शब्दकोशाचे पान इतिहासाचे साधन ठरू शकेल.