टर्बो इंजिनातील ब्रीदर व्यवस्था व तिची सुधारणा

मोटारीच्या इंजिनात पिस्टनच्या रिंगांना चुकवून क्रँककेसमध्ये उतरणारा वायू तेथे कोंडून न राहता निघून जावा, आणि जाताना त्याने आपल्याबरोबर तेलाचे तुषार नेऊ नयेत, यासाठी योजलेल्या नळ्या, झडपा व तेलविभाजक यांच्या समुच्चयास ब्रीदर व्यवस्था म्हणतात. रिंग कितीही नवी असली तरी तिच्या दोन टोकांमधील फट पूर्णपणे बुजत नाही. संपीडन व ज्वलन यांच्या क्षणी सिलिंडरमधील थोडा वायू तेथून खाली झिरपतो, आणि त्यात न जळलेले इंधन, काजळी, पाण्याची वाफ व आम्लद्रव्ये मिसळलेली असतात. या वायूस ‘ब्लो-बाय’ अशी संज्ञा असून आपल्याकडील मिस्त्री त्यालाच ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात.

पूर्वी ब्रीदरची नळी गाडीखाली उघडीच सोडीत. धावत्या गाडीखालच्या वाऱ्याच्या ओढीने वायू बाहेर पडे आणि रस्त्यावर तेलाची रेघ उरे. दुसऱ्या महायुद्धात पाण्यातून उतरणाऱ्या लष्करी वाहनांसाठी बंदिस्त व्यवस्थेची तजवीज झाली, आणि पुढे कॅलिफोर्नियात 1961 च्या मोटारींपासून हवेच्या शुद्धतेखातर तीच रीत नागरी वाहनांना लागू झाली.

साध्या पेट्रोल इंजिनात इनटेक मॅनिफोल्डमधील निर्वात ओढ क्रँककेसमधील वायू खेचून घेण्याचे काम बिनबोभाट पार पाडते. टर्बो आला की प्रकरण गुंतागुंतीचे होते. इंजिन संथ फिरत असता मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, परंतु टर्बो भरात येताच त्याच ठिकाणी वातावरणाहून अधिक दाब उत्पन्न होतो, म्हणून एक मार्ग चेक व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डकडे आणि दुसरा एअर फिल्टर व टर्बो यांच्या दरम्यानच्या शोषनळीकडे, असे दोन मार्ग राखावे लागतात. हा चेक व्हॉल्व्ह निकामी झाला तर टर्बोचा दाब थेट क्रँककेसमध्ये शिरतो आणि ऑइल सील बाहेर ढकलले जातात. जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनात हवा रोखणारा थ्रॉटल नसल्याने दुसरा मार्ग तेवढाच पुरतो. मात्र त्या वाटेने जाणारे तेलाचे तुषार टर्बोच्या पंख्यावर व इंटरकूलरच्या आत बसतात, तेथील उष्णतेने त्यांचा चिकट थर होतो आणि हवा थंड होण्याची क्रिया मंदावते. शिवाय टर्बोच्या शाफ्टजवळील फटीतूनही थोडा वायू तेलाच्या वाटेने क्रँककेसमध्ये येतो, ही भर साध्या इंजिनास ठाऊक नसते.

नंदुरबार जिल्ह्यात या व्यवस्थेची परीक्षा घेणारे रस्ते पुष्कळ आहेत. तापीकाठच्या सपाटीवरील शहाद्याहून तोरणमाळला जाणारे वाहन सुमारे हजार मीटरांचा चढ चढते. अक्कलकुव्याहून मोलगीमार्गे धडगावकडे जाणारी वाटही सातपुड्याच्या वळणांचीच आहे. अशा वाटेवर बोलेरोसारखी टर्बो-डिझेल जीप, मंजूर आसनसंख्येचा हिशेब कागदावरच ठेवून माणसे व गाठोडी घेऊन, खालच्या गिअरमध्ये दीर्घकाळ पूर्ण जोर लावीत राहते. आणि सिलिंडरमधील दाब जितका अधिक व जितका वेळ टिकेल तितकी रिंगांजवळील झिरप वाढत असल्याने सपाटीवर निर्दोष भासणारे इंजिन घाटात तेल टाकू लागते. उन्हाळ्यातील धुळीने एअर फिल्टर तुंबला तर टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढून ब्रीदरमधून तेल अधिकच खेचले जाते, तेव्हा सुधारणेचा पहिला खर्च कित्येकदा एका नव्या फिल्टरपुरताच असतो.

येथेच एक व्यापक गैरसमज नोंदवणे प्राप्त आहे. टर्बोमधील तेल केवळ गुरुत्वाने खाली क्रँककेसमध्ये परतते. क्रँककेसमध्ये दाब साचला की त्या तेलाची वाट अडते, ते शाफ्टच्या सीलमधून बाहेर पडते, आणि ‘टर्बो ऑइल टाकतोय’ असा निर्णय देऊन नवा टर्बो बसवला जातो, जो मूळ कारण कायम असल्यामुळे काही काळाने तेच करू लागतो. टर्बो दोषी असूच शकत नाही असे नव्हे. पण त्याला शिक्षा फर्मावण्यापूर्वी ब्रीदरची साक्ष काढावी, एवढी सावधगिरी किमतीकडे पाहता अवाजवी नाही.

ती साक्ष काढण्यास महाग उपकरण लागत नाही. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून अर्धी पाण्याने भरावी, तिचे एक टोक गेज पट्टीच्या नळीस घट्ट जोडावे आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतील अंतर मोजावे. सुमारे 100 मिलिमीटर अंतर म्हणजे एक किलोपास्कल दाब, आणि त्याची तुलना त्या इंजिनाच्या कार्यशाळा-पुस्तिकेतील मर्यादेशी करावी. तेल भरण्याच्या तोंडावर झाकण उलटे ठेवून ते उडते की नाही हे पाहण्याची मिस्त्रींची रीत ढोबळ निदानास ठीक आहे, परंतु उभ्या गाडीत टर्बो भरात येत नसल्याने घाटातील स्थिती तिने कळत नाही. मापन मर्यादेबाहेर गेले आणि ब्रीदरची नळी व विभाजक मोकळे असूनही ते उतरले नाही, तर दोष रिंगांचा, लायनरचा की टर्बोचा हे ठरवून त्याची दुरुस्ती करावी. झिजलेल्या इंजिनावर चकचकीत कॅच कॅन, म्हणजे ब्रीदरच्या वाटेत तेल अडवणारा डबा, बसवणे म्हणजे गळक्या छपराखाली मोठे घंगाळ ठेवण्यासारखे होय.

इंजिन सुदृढ असून जोर वाढवलेला असेल किंवा काम घाटाचे असेल, तर मात्र सुधारणेस अर्थ आहे. नळ्या जाड घ्याव्यात, त्यांची वळणे कमी करावीत व खोलगट लोंबणारा भाग ठेवू नये, कारण तेथे साचलेले तेल बूच बनते. कॅच कॅन आतून पोकळ डबा असून चालत नाही. वायूस दिशा बदलावयास लावणारे पडदे आणि जाळी किंवा काचतंतूंचे अस्तर असेल तरच बारीक तुषार एकत्र येऊन थेंब होतात, आणि दाट अस्तर काळाने तुंबते म्हणून दाब सोडणारी झडप असावी. हा कॅन एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर, जेथे वायू थोडा थंड होईल अशा जागी बसवावा. साध्या सिलिकॉनच्या नळीतून तेल पाझरते, यास्तव तेलास टिकणाऱ्या रबराची नळी घ्यावी. काही हौशी मंडळी शोषनळीची जोडणी काढून कॅनवर उघडा फिल्टर बसवतात; त्याने इंटरकूलर स्वच्छ राहतो खरा, पण तेलाचा वास गाडीत शिरतो आणि जो वायू बंदिस्त ठेवण्यासाठी सारा खटाटोप झाला तो पुन्हा हवेत मिसळतो.

कायदाही यास अनुकूल नाही. पेट्रोल इंजिनाच्या क्रँककेसमधून वायू बाहेर सुटता कामा नये, असा प्रदूषण-मानकांचा दंडक आहे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांनी एकूण बंधने अधिक कडक केली. पीयूसी दाखला देताना तपासणी सायलेन्सरच्या तोंडाशीच होते आणि उघडा ब्रीदर तीतून सहज निसटतो, हा त्या तपासणीचा उणेपणा आहे, मालकास दिलेली मुभा नव्हे.

कॅनमध्ये जमणारा द्रव तेल, पाणी व इंधन यांचे मिश्रण असतो. पावसाळ्यात, विशेषतः लहान फेऱ्या करणाऱ्या गाडीत, इंजिन पुरते तापत नसल्याने त्यात पाण्याचा अंश वाढतो आणि द्रव दुधाळ दिसतो; हेडगॅस्केट गेल्याचे लक्षण समजून घाबरण्यापूर्वी कूलंटची पातळी पाहावी. कॅन तेलबदलीची वाट न पाहता मधून मधून रिकामा करावा, निघालेला द्रव पुन्हा इंजिनात ओतू नये, आणि त्याची विल्हेवाट वापरलेल्या ऑइलबरोबरच लावावी.