लैंगिक संमती आणि सामाजिक दबाव

शरीरसंबंधाला दिलेला होकार कितपत स्वेच्छेचा असतो, आणि घर, जात, मित्रमंडळी, लग्नाची आशा, बदनामीचे भय यांचा त्यावर किती ताण असतो, याचा समाजशास्त्रीय अभ्यास. भारतातील मोठी युवक पाहणी (२००६–०७) मुख्यतः १५ ते २४ वयोगटाची आहे.

या प्रश्नाला देशभर वाचा फुटली ती वैनगंगेच्या खोऱ्यातील एका खटल्यामुळे. वडसा-देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. भीतीपोटी निमूट शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. अंगावर जखमा नाहीत याला महत्त्व देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली (तुकाराम वि. महाराष्ट्र राज्य). उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ठाण्यात, रात्री, गरीब मुलगी प्रतिकार कसा करणार, हा त्यांचा सवाल मुळात समाजशास्त्राचाच होता. कायदा १९८३ मध्ये बदलला. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येत नाही, हे मात्र कायद्यात स्पष्टपणे यायला २०१३ उजाडले.

पुणे जिल्ह्यातील खेडी व शहरी झोपडपट्ट्यांतील तरुणांच्या अभ्यासात (२००६) एक तफावत दिसली: संबंधामागे लग्नाची अपेक्षा मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त होती. अशा अपेक्षेत नकार देणे म्हणजे नातेच पणाला लावणे. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था व पॉप्युलेशन कौन्सिल यांची २००६–०७ ची युवक पाहणी महाराष्ट्रासह सहा राज्यांत झाली.

मध्य प्रदेश त्या सहांत नव्हता. त्यामुळे सीमेपलीकडच्या बालाघाट जिल्ह्याला तिचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी बालाघाट, गोंदिया, भंडारा यांच्यातील पोवारांसारख्या समाजांचा रोटी-बेटी व्यवहार राज्याची सीमा मानत नाही. येथे महाराष्ट्राचे अभ्यासच जवळचे ठरतात.

विवाहातील संमती हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) ८२ टक्के विवाहित स्त्रियांनी पतीला नकार देता येतो असे सांगितले. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, १८ वर्षांवरील पत्नीशी तिच्या इच्छेविरुद्ध पतीने केलेला संभोग बलात्काराच्या व्याख्येबाहेरच आहे.