सामाईक पूजास्थळाचा जीर्णोद्धार : जेरुसलेममधील होली सेपल्कर चर्चचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

जीर्णोद्धार म्हणजे मोडकळीस आलेल्या वास्तूला पूर्वस्थिती प्राप्त करून देणे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु एकाच वास्तूवर अनेक पंथांचे हक्क असतील, तर हा प्रश्न केवळ स्थापत्याचा राहत नाही. जेरुसलेममधील होली सेपल्कर चर्च हे याचे ठळक उदाहरण होय. येशू ख्रिस्ताला येथेच क्रूसावर चढविण्यात आले व येथेच दफन करण्यात आले, अशी ख्रिस्ती परंपरेची श्रद्धा आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक व आर्मेनियन हे येथील तीन प्रमुख पंथ असून कॉप्टिक, सीरियन व इथिओपियन पंथांचेही येथे हक्क आहेत. या चर्चच्या दुरुस्तीचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दुरुस्ती आणि वहिवाट

इ.स. 1808 मध्ये आगीने चर्चची मोठी हानी झाली. ग्रीक पंथाने सुलतानाची परवानगी मिळवून 1810 मध्ये समाधीवरील छोटी वास्तू नव्याने उभारली. दुरुस्तीमागोमाग हक्काचा वाद आलाच. अखेर 1852 मध्ये उस्मानी सुलतानाने फर्मान काढून 'जैसे थे' स्थिती कायम केली. 1878 च्या बर्लिन तहाने तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

या व्यवस्थेचे मर्म ब्रिटिश अधिकारी एल. जी. ए. कस्ट यांनी 1929 मध्ये नोंदविले आहे. छप्पर वा फरशी दुरुस्त करण्याचा अधिकार म्हणजे त्या भागावरील ताब्याचा पुरावा. दिवा किंवा चित्र टांगणे हीदेखील वहिवाटच. साहजिकच एका पंथाने दुरुस्तीस हात घातला की दुसरा हरकत घेई. शांतता टिकली, त्याची किंमत मात्र वास्तूने मोजली.

पडझड आणि सहमती

1927 च्या भूकंपाने वास्तू अधिकच खिळखिळी झाली. 1947 मध्ये ब्रिटिश प्रशासनाने समाधीवरील वास्तूला लोखंडी तुळयांचा आधार दिला. हा तात्पुरता उपाय सुमारे सत्तर वर्षे टिकून राहिला. 2015 मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून इस्रायली पोलिसांनी ही वास्तू काही काळ बंद केली. त्यानंतर 2016 मध्ये तिन्ही प्रमुख पंथांनी एकत्रित दुरुस्तीचा करार केला. अथेन्सच्या राष्ट्रीय तंत्र विद्यापीठाच्या अंतोनिया मोरोपूलू यांच्या मार्गदर्शनाखाली काम झाले. 22 मार्च 2017 रोजी वास्तू पुन्हा खुली झाली आणि लोखंडी तुळया हटल्या. 2022 मध्ये चर्चच्या फरशीचे कामही संयुक्तपणे सुरू झाले.

निष्कर्ष

या सहमतीत कोणत्याही पंथाने आपला हक्क सोडला नाही. दुरुस्ती संयुक्त ठेवल्याने ती कोणा एकाच्या मालकीचा पुरावा ठरली नाही, आणि 1810 चे रूपच राखल्याने नवा दावा उद्भवला नाही. मात्र या यशाची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. समाधीमागील सीरियन प्रार्थनालय आर्मेनियन व सीरियन पंथांच्या वादामुळे दीर्घकाळ दुरुस्तीविना राहिले आहे. समाधी सावरली ती हक्काचा प्रश्न सुटल्यामुळे नव्हे, तर दुरुस्तीपुरता तो बाजूला ठेवल्यामुळे. सामाईक वारसा जपू पाहणाऱ्या कोणत्याही समाजाला हा अनुभव मार्गदर्शक ठरेल.