शेलमधली दोन अवतरणचिन्हं

आजचा विषय दिसायला अगदी किरकोळ आहे. रॅपर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला हाक मारणारी छोटी शेल स्क्रिप्ट. आपल्या हाती आलं ते जसंच्या तसं पुढे द्यायचं, एवढंच तिचं काम. निरोप्याचं काम म्हणा ना. पण निरोप्यानंच निरोपाचे तुकडे केले तर?

युनिक्सचा कर्नल प्रोग्रॅम सुरू करताना आर्ग्युमेंटं सुटी सुटी, यादी म्हणून देतो. ‘माझा अहवाल’ हे फाइलचं नाव एकच आर्ग्युमेंट. मधली मोकळी जागा नावाचाच भाग. घोळ होतो तो शेलमध्ये. बेल लॅब्जमधल्या स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. त्यात $* लिहिलं की शेल सगळी आर्ग्युमेंटं मोकळ्या जागांवर पुन्हा तोडतो. ‘माझा’ वेगळं, ‘अहवाल’ वेगळं. तेच अवतरणांत घातलं, तर सगळ्यांचं मिळून एक गाठोडं! जसंच्या तसं द्यायचं तर "$@" लिहायचं, अवतरणांसकट. म्हणजे उपाय पहिल्यापासून होता. मात्र त्या शेलमध्ये आर्ग्युमेंट एकही नसलं, तरी "$@" मधून एक रिकामं आर्ग्युमेंट निघायचं. काहीच नसणं आणि रिकामं काहीतरी असणं, हा भेद अभावावर वाद घालणाऱ्या आपल्या नैयायिकांनी लगेच पकडला असता.

याला प्रोग्रॅमरचा निष्काळजीपणा म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या भाषेत चुकीचं लिहिणं सोपं आणि बरोबर लिहायला जास्तीची चिन्हं लागतात, तिथे दोष भाषेचाही आहे. पुढे बेल लॅब्जमध्येच टॉम डफ यांनी ‘आरसी’ हा शेल लिहिला. त्यात व्हेरिएबल म्हणजे मुळातच यादी. नुसतं $* लिहिलं तरी नावं शाबूत राहतात. पण १९९२ च्या पॉझिक्स प्रमाणानं वाट धरली ती बोर्नचीच. रिकाम्या आर्ग्युमेंटाचा प्रश्न सुटला, तोडणं राहिलं.

आणि नोव्हेंबर २००१. ॲपलच्या आयट्यून्स २.० च्या इन्स्टॉलरमध्ये जुनी प्रत पुसण्याची आज्ञा होती, आणि तिच्यातला डिस्कचा पत्ता अवतरणांशिवाय लिहिलेला. डिस्कच्या नावात मोकळी जागा असली की पत्ता मधेच तुटायचा आणि आज्ञा भलतीकडेच लागू पडायची. काही लोकांच्या आख्ख्या डिस्क पुसल्या गेल्या. ॲपलनं तो इन्स्टॉलर मागे घेतला, २.०.१ काढलं. दुरुस्ती होती दोन अवतरणचिन्हांची.